अलीकडचं बेट

लग्नाला काही वर्षं लोटली तरी ह्यांचा चेहरा मला तुकड्यातुकड्यांनीच ठाऊक होता. पहाटे कंदील विझवताना उजळून जाणारा गालाचा एक काठ. जेवताना ताटावर झुकलेलं कपाळ. मदरशाला निघताना पाठमोरी मान, तिच्यावर सदऱ्याच्या गळपट्टीची पांढरी रेघ. नांदेडचं ते चुलतसासऱ्यांचं घर माणसांनी भरलेलं होतं, आणि भरल्या घरात दिवसाउजेडी नवराबायकोनं समोरासमोर बसण्याची रीत नव्हती. कुणी बंदी केलेली नव्हती. तसं बसावं असं कुणाच्या मनात येत नसे, इतकंच.

म्हणून निजामी राजवटीच्या त्या उतरत्या वर्षांतल्या एका वैशाखात मी पहिल्यांदा नावेत पाय ठेवला, तेव्हा पाण्याचं भय वाटण्याआधी मला लाज वाटली. नावेत बसायला दोनच फळ्या होत्या आणि त्या समोरासमोर होत्या.

हे सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, गणित शिकवत. दिवसभर उर्दूत शिकवून घरी आले, की मराठीतला पहिला शब्द ओठांवर येण्याआधी खोकला येई. हिवाळा सरता सरता त्या खोकल्याचा आवाज पालटला. वाळल्या पानासारखा होता, तो ओल्या मातीसारखा झाला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं आणि हवापालट करा म्हणून सांगितलं. ऐपत असणारी माणसं हवापालटाला डोंगरावर जात. आम्हाला गोदावरी होती. आमच्याकडे तिला गोदावरी म्हणत नाहीत, गंगाच म्हणतात.

हवेचं निमित्त होतं. ह्यांच्या मनात अक्का होती. आई लहानपणीच गेली, तेव्हा ह्यांना वाढवलं ते या थोरल्या बहिणीनं. तिचं सासर नदीच्या खालच्या अंगाला, दक्षिणेच्या काठावर होतं. आमच्या लग्नाच्या आदल्या साली तिच्या पायांतलं बळ गेलं. ती लग्नाला येऊ शकली नाही, आणि आम्ही जाऊ जाऊ म्हणत राहिलो. तिनं मला पाहिलेलं नव्हतं. "तुम्हा दोघींना एका उंबऱ्यात बसलेलं पाहिलं, की माझी छाती आपोआप मोकळी होईल," असं हे म्हणत. हसत म्हणत, पण एवढं एकच मागणं त्यांनी त्या आजारात केलं.

एक भोई नवराबायको उन्हाळ्यात नदीतल्या बेटांवरची टरबुजं नांदेडला आणून टाकत. जाताना त्यांची नाव रिकामी जाई. त्या रिकाम्या खेपेत आम्हाला नेण्याचं ठरलं. वेळूच्या कमानीवर सिंदीच्या पानांची चटई टाकून त्यांनी सावली केली. मी एका पेटीत पीठ, मीठ, लसणाची चटणी आणि ह्यांची औषधं भरली, आणि तळाशी एक हिरवा खण, नारळ आणि तांदळाची पुरचुंडी ठेवली. लेकीसुनेनं नावेतून गंगा पहिल्यांदा ओलांडली, की पलीकडच्या काठाला पाय लागण्याआधी गंगेची ओटी भरायची, ही आमच्या घरची रीत. मी रेणापूरची, लग्नात आले ती आगगाडीनं, पुलावरून. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी म्हणजे आडाच्या तळाशी चमकणारा नाण्याएवढा गोल. इतक्या पाण्याची ओटी भरायची म्हणून मी पुरचुंडीत आणखी एक मूठ तांदूळ घातले होते.

उन्हाळ्यातली गंगा सलग वाहत नाही. डोहामागून डोह लागतात आणि मधे वाळूचे उथळ उतार. डोहात नाव तेलावरून सरकावी तशी जाई. उतारावर भोई खाली उतरून तिला खांद्यानं रेटी, आणि तळाखाली वाळू करकर वाजे. त्या लाकडाला राळेचा, मासळीचा आणि पिकल्या खरबुजाचा असा एकमेकांत मिसळलेला वास होता. वल्हं पाण्यात बुडे तो एक आवाज आणि वर येताना त्यावरून थेंब ओघळत तो दुसरा. या दोन आवाजांच्या मधल्या जागेत ओवीचा एक चरण नेमका मावतो, हे मी पहिल्याच दिवशी मनात म्हणून पाहिलं. लहानपणी वडिलांनी छंद शिकवले ते मांडीवर बोटं आपटून. इथं नदी बोटं आपटत होती.

आणि समोर हे. सकाळचं ऊन त्यांच्या पाठीमागून येई, तेव्हा कानांच्या पाळ्या लाल दिसत. दुपारी चटईच्या चिरांतून उन्हाचे पट्टे चेहऱ्यावर पडत आणि नावेबरोबर हलत. डाव्या भुवईत एक जुना व्रण होता, तो मला तिथं कळला.

"काय बघतेस?" त्यांनी विचारलं.

"नदी."

"नदी मागं आहे माझ्या."

"मग सरका बाजूला."

सुकाणूपाशी बसलेली भोईण खुदकन हसली. "सरकू नगा मास्तर. त्यांना नदी बघायची आसती तर डोळं मिटले नसते तुमी त्यांच्याकडं वळल्यावर."

तिचा नवरा दिवसदिवस बोलत नसे, म्हणून दोघांच्या वाटणीचं तीच बोलत असे.

संध्याकाळी एखाद्या बेटाच्या आडोशाला नांगर टाकत. नांगर म्हणजे मधोमध खाच पाडलेला काळा दगड, तिला दोर बांधलेला. तो पाण्यात पडल्याचा जाड आवाज झाला, की दिवस संपला. बेटांवर झाऊची झुडपं होती. टिटव्यांनी उघड्या वाळूवर अंडी घातली होती, आणि आम्ही जवळ गेलो की त्या आमच्याच भल्यासाठी ओरडत असल्यासारख्या ओरडत. वाळू सूर्य मावळल्यावरही कितीतरी वेळ तव्यासारखी उबदार राही. हे झाऊच्या पलीकडे जाऊन खोकत आणि परत येण्याआधी पायानं वाळू सारत. कशावर सारतात ते मला ठाऊक होतं. मी दुसरीकडे पाहत असे, आणि मी पाहत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. इतक्या मोकळ्या आभाळाखाली आम्ही एवढी एकच गोष्ट झाकून ठेवली होती.

टरबुजांच्या बेटावर मात्र दुसरी एक गोष्ट उघडी पडली. भोयानं वेलावरचं एक मोठं फळ गुडघ्यावर फोडलं. त्याच्या लाल पोटातून गार, गोड, किंचित कच्चा वास आला आणि मी झुडपाशी धावले. ऊन लागलं म्हणून ह्यांनी माझ्या डोक्यावर ओला पंचा ठेवला. भोईण कमरेवर हात ठेवून नुसती बघत उभी होती.

"ऊन न्हाई हे मास्तर. टरबुजानं कुनाला वकारी आली, ऐकलं हाय का कवा? फळाला फळाचा वास सोसत न्हाई." मग ती माझ्या कानाशी वाकली. "पोटुशी हाव का न्हाई, मास्तरीनबाई?"

मला शंका होती. मी ती शंका स्वतःलाही मोठ्यानं सांगितली नव्हती, कारण आधी एकदा माझी कूस भरून रिकामी झाली होती.

ह्यांनी ऐकलं आणि ते वाळूवर बसले. चेहऱ्यावर आधी आनंद आला की आधी भय, ते मला समोर बसूनही ओळखता आलं नाही. दोन्ही एकाच उजेडात आली. ते म्हणाले, "मग तू पलीकडं यायचं नाहीस."

भरल्या पोटानं नदी ओलांडू नये, हे आमच्याकडे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण हे गणिताचे मास्तर. चुलत्यांच्या मुहूर्तांना हसणारे.

"तुम्ही तर असलं मानत नाही," मी म्हणाले.

"नाही मानत. पण मागच्या वेळी आपण काहीच मानलं नव्हतं."

मी डोक्यावरचा पंचा काढून पिळला.

"मग अक्का?"

"अक्काला मी भेटून येतो. तू पुढच्या उन्हाळ्यात बाळ घेऊन ये. वल्हं मीच मारीन."

पुढचा उन्हाळा. तो शब्द त्यांनी इतक्या सहज उच्चारला, की तो आमच्या पेटीत ठेवलेलाच आहे, खणाशेजारी, असं मला वाटलं.

मग प्रश्न असा निघाला, की बेटावर उतरलेलं चालतं का? बेट म्हणजे अलीकडचं की पलीकडचं? त्याचा निवाडा भोईणीनं केला. ज्या बेटाची उत्तरेकडची, म्हणजे नांदेडच्या अंगाची, धार आटली असेल, ते अलीकडचं. तिथवर चालत जाता येतं, म्हणजे ती आपलीच जमीन. दक्षिणेची धार आटली असेल तर ते पलीकडचं, तिथं मी उतरायचं नाही.

"आणि दोन्हीकडं पाणी असेल तर?" ह्यांनी विचारलं.

"तर मास्तर, तुमी हिशोब करा. मदरशात कशाला शिकवून राहिला?"

त्यानंतर आमचा प्रवास त्या निवाड्यानं चालला. संध्याकाळी आधी पाणी पाहायचं, मग दगड टाकायचा. एका बेटावर काळ्या कातळात महादेवाची एवढीशी देवळी होती आणि तिच्यावर चाफा फुललेला. पण तिच्या दोन्ही अंगांना पाणी खेळत होतं. हिशोब काही जमेना. हे एकटे उतरून आले आणि माझ्या ओंजळीत चाफ्याची फुलं टाकली. त्या फुलांचा वास पुढचे दोन डोह आमच्याबरोबर आला.

अक्काच्या गावासमोरचं बेट सुदैवानं अलीकडचं होतं. उत्तरेची धार नुसती पांढरी वाळू झाली होती. दक्षिणेकडून मात्र हिरवी, खोल धार वाहत होती. तिच्यापलीकडे चढण, चढणीवर एक चिंच, आणि चिंचेमागं गाव. भोई पुढं जाऊन वर्दी देऊन आला. दुपार कलताना एक बैलगाडी चिंचेखाली येऊन थांबली. गाडीत बाज होती आणि बाजेवर एक लाल ठिपका. ती अक्का. मला यायचं नाही हे कळल्यावर ती स्वतःच काठापर्यंत आली होती.

मी बेटाच्या टोकाला उभी राहिले. वारा पश्चिमेचा होता. मी हाक मारली ती माझ्या डाव्या खांद्यावरून वाहून गेली. पलीकडचा ठिपका हलला, त्यानं हात वर केला असावा. तिचं तोंड दिसत नव्हतं, तिला माझं दिसत नसणार.

हे नावेतून पलीकडे गेले. मी ठिपक्याला दुसरा, पांढरा ठिपका चिकटलेला पाहिला. खूप वेळ ते तसेच होते. मग नाव परतली. ह्यांच्या उपरण्यात तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि नारळ होता. अक्कानं माझी ओटी भावाच्या हाती पाठवली होती.

"पुरुषाच्या हातून ओटी?" भोईण म्हणाली. "गंगेनं बी आता डोळं झाकून घ्यावं." मग तिनंच ती माझ्या पदरात घातली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

हे धाप लागून वाळूवर बसले. "म्हणाली, येऊ नको म्हणावं. मी दोनदा भरल्या पोटानं ओलांडली, दोन्ही वेळा रिकामी राहिले. बाळ घेऊन ये म्हणावं, तवर गंगेची ओटी जपून ठेव." ते पुढं म्हणाले, "आणि तुझ्या हातचं काहीतरी खायला मागितलंय."

मी तीन दगडांची चूल मांडली. वाऱ्यानं जाळ एका अंगाला झुकत होता, पिठात वाळू जाऊ नये म्हणून भोईण पदर धरून बसली. पिठलं आणि भाकरी बांधून दिली. ह्यांनी ती नेली. भोई म्हणाला, आणि त्या प्रवासात त्याचं एवढंच बोलणं मला आठवतं, "मास्तर, तुमी बसा. निरोप मी नेतो." हे ऐकेनात.

परत आले तेव्हा हातात अर्धी भाकरी होती.

"अर्धी तिनं खाल्ली, ही तुझी. एका ताटात जेवलो असं समज म्हणाली." ते हसत होते आणि हसण्यानं खोकत होते. "आणि म्हणाली, भाकरी बरी हाय, पर कड जाड. रेणापूरची पोर दिसती."

"वाळूत चूल पेटवून बघा म्हणावं एकदा."

"हे मी सांगणार नाही."

"सांगा. त्याशिवाय मी ही खाणार नाही."

ते पुन्हा गेले. त्या धारेच्या पाण्यावर त्यांनी त्या दुपारी किती फेऱ्या मारल्या ते मी मोजलं नाही. मी इकडे ती अर्धी भाकरी खात होते. तिच्या तुटक्या कडेला दुसऱ्या बाईच्या बोटांचा दाब उमटलेला होता. पिठल्याची, धुराची आणि तिच्या हातच्या तपकिरीची पुसट चव लागत होती. सासरच्या कुणाच्याही इतक्या जवळ मी कधी गेले नव्हते, आणि आमच्यात एक नदी होती.

ऊन तांबूस झालं तेव्हा गाडीला बैल जुंपले गेले. जाण्याआधी त्या लाल ठिपक्यानं दोन्ही हात पुढं पसरले, मग कानशिलांशी नेले. तिनं माझी दृष्ट काढली. बोटं मोडल्याचा आवाज इथवर येणं शक्य नव्हतं. मला तो आला.

ह्यांची शेवटची फेरी हळू आली. नावेत ते पडून होते, आणि भोयानं त्यांना हाताला धरून उतरवलं. "पुढच्या वर्षी," ते म्हणाले, "तुम्ही एकमेकींशी भांडा. मी मधे राहणार नाही."

परतीचा प्रवाह उलटा होता. वेळूनं रेटत रेटत नाव वर आली, आणि हे बहुतेक वेळ तळाच्या फळ्यांवर निजलेले असत. समोरची फळी रिकामी राही. मी त्यांच्या उशाशी बसून वाऱ्यानं उडणारं पांघरूण सावरत असे. त्या बसण्यातून मला पुन्हा नुसतं कपाळ दिसायचं.

श्रावणात हे गेले. नदी तेव्हा दोन्ही काठ सोडून शेतांत पसरली होती. सगळी बेटं बुडाली होती, अलीकडची आणि पलीकडचीही. माणसं पलीकडे नेणारी तर बंद होती. अक्काला निरोप पाणी ओसरल्यावर पोचला.

पौषात मुलगी झाली. बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेर नदीपलीकडे. म्हणून रेणापूरहून आई नांदेडला आली. तिला ओलांडता येत होती. पोर रडली तेव्हा तिच्या छातीचा आवाज स्वच्छ होता. कोरडा नाही, ओला नाही. मी कितीतरी वेळ तो ऐकत राहिले.

पुढच्या वैशाखात तीच नाव, तीच माणसं. पेटी तीच, आणि तळाशी तो खण होता. वर्षभरात त्याचा हिरवा रंग घडीवर किंचित फिका पडला होता. मी तो का आणला होता कोण जाणे. माझं कपाळ मोकळं होतं. ओटी सवाष्णीनं भरायची असते. ज्या काठाला मी भरल्या कपाळानं जाऊ शकत होते, तिथं गेले नाही, आणि आता जात होते तर नदीला देण्याचा माझा हक्क उरला नव्हता.

समोरच्या फळीवर मी पोरीची दुपटी ठेवली होती. रिकामी फळी मला पाहवत नव्हती.

अक्काच्या गावासमोर हिरव्या धारेच्या मधोमध भोईणीनं नवऱ्याला खूण केली. वल्हं थांबलं. नाव आपोआप थोडी वळली.

"काढा," ती मला म्हणाली.

"मला चालत नाही बाई."

"तुमाला न्हाई. तिला चालतं. कुवारीन हाय ती."

मी पेटी उघडली. खण आणि नारळ पोरीच्या हाताला लावून भोईणीनं पाण्यात सोडले. तांदूळ मी पोरीच्या तळहातावर ठेवले. पण इतकं लहान मूल हातात आलेलं सोडत नाही. तिनं मूठ घट्ट आवळली आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी तिचा हात पाण्यावर धरला. घामानं ओली झालेली ती मूठ उघडेना. भोईणीनं पाण्याचे थेंब तिच्या मनगटावर उडवले, तेव्हा ती दचकली आणि बोटं जराशी सुटली. काही दाणे पडले. बाकीचे तळहाताच्या घड्यांत चिकटून राहिले. खण फुगून वर आला, थोडा वेळ नावेच्या बाजूनं चालला, मग धारेनं त्याला ओढून नेलं.

"भरली," भोईण म्हणाली. तिच्या नवऱ्यानं वल्हं मारलं.

अक्का चिंचेखाली बाजेवर बसलेली होती. ती अशी होती तर. लहान चणीची, पिकल्या केसांची, ह्यांच्याच भुवयांची. माझं कपाळ पाहून तिनं डोळे मिटले, उघडले आणि मला हाताला धरून शेजारी ओढलं. रडण्याआधी तिनं माझा चेहरा चाचपला. कपाळ, नाक, गाल. सांगितलेली वस्तू ताडून पाहावी तसा.

"नाक तसंच हाय. भवया बी. त्या दिशी दर खेपेला तुझंच सांगत व्हता. मी म्हनलं, अरं दम खा जरा. तर म्हने, अक्का, तुला तिथून दिसत न्हाई, मग मी सांगायचं न्हाई तर कोन सांगनार?"

तिचा अंगठा माझ्या हनुवटीशी थांबला.

"तीळ उजव्या अंगाला सांगितला व्हता त्यानं," ती म्हणाली. "ह्यो तर डाव्या अंगाला हाय."

"ते समोर बसत होते," मी म्हणाले. "नावेत. तिथून तो उजवीकडं दिसायचा."

चिंचेची सावली हलत होती, खाली धार वाहत होती. मग अक्कानं मला शेजारून उठवलं, बाजेच्या दुसऱ्या टोकाला, आपल्यासमोर बसवलं, पोर मांडीवर घेतली आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली.